समुद्राचं दुखणं सांगणारे दागिने: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात किनाऱ्यावर वाहून आलेल्या तुटक्या जाळ्यांपासून केलेल्या बांगड्या आणि कानातल्यांचे फोटो छापले होते, आणि सोबत एवढंच लिहिलं होतं की समुद्रातल्या जिवांवर आलेली संकटं दागिन्यातनंही सांगता येतात. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मी ज्वेलरी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनल कलेक्शनला 'समुद्र वाचवा' विषय घेतलाय. कासव, डॉल्फिन, मासा, शिंपला असे चांदीचे पेंडंट केलेत, पण मॅडम म्हणतात यात संकट कुठे दिसतंय? आता काय बदलू?
— एक विद्यार्थिनी, पुणे

मॅडमचं पटतंय मला. तुझी पेंडंट सुंदर असतील, पण असं चांदीचं कासव कुठल्याही गिफ्ट शॉपमध्ये मिळतं, ते घालणाऱ्या बाईला कासवाचं काय बिघडलंय हे कळणार नाही. 'समुद्र वाचवा' एवढ्या मोठ्या विषयावर दागिना होत नाही गं. एक जीव घे, एक जागा घे आणि त्या जिवावर तिथे नेमकं काय येतंय ते शोध, मग डिझाइन आपोआप सुचायला लागतं.

आपल्याच किनाऱ्याचं उदाहरण देते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली हे तुला माहीत असेल. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात आणि आतलं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, म्हणजे साधारण ३० अंशांच्या आसपास दोन्ही, वाळू त्याहून गरम झाली की माद्या जास्त आणि गार राहिली की नर जास्त. किनारे तापत गेले तर पुढे नरच कमी पडतील ही खरी भीती आहे. आता याचा दागिना कर ना. शंभर मण्यांची लांब माळ, सगळे मणी एकाच आकाराचे, मातीचे किंवा काचेचे, आणि रंग फक्त दोन. वर मानेपाशी दोन्ही रंग सारखे मिसळलेले आणि खाली येता येता एक रंग कमी कमी होत शेवटच्या वितीत एखादाच उरलेला. एकही कासव न काढता कासवाची गोष्ट सांगून झाली.

दुसरं एक, जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरला पाच माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले होते, प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री अशी त्यांची नावं. त्यांच्या प्रवासाचे नकाशे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्या वेड्यावाकड्या रेषा चांदीच्या तारेत वाकवून बघ, आणि तार जिथे ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटी, फिरतात त्या पट्ट्यातनं जाते तिथे खरं जाळं गुंडाळ.

आणि अजून एक गोष्ट तुझ्या हातातच आहे. आपण मणी ओवायला जो तंगूस वापरतो तोच जाड होऊन मासेमारीच्या जाळ्यात असतो. पाण्यात तो दिसत नाही म्हणून मासा अडकतो आणि तो दिसत नाही म्हणूनच कासवही अडकतं, सुटायची धडपड करताना वेढा घट्ट होत जातो आणि त्याचा वल्ह्यासारखा पाय कापला जातो. ज्या दागिन्यात तंगूस लपवायच्या ऐवजी मुद्दाम समोर येतो, मण्यांना आवळून धरतो, तसा दागिना मला तुझ्या कलेक्शनमध्ये बघायला आवडेल. सुरुवात त्याच्यापासूनच कर.

माझ्या यजमानांना पोवळ्याची अंगठी घालायला सांगितलीय. मुलगी म्हणते पोवळं म्हणजे जिवंत प्राणी, घ्यायचं नाही. सराफ म्हणतो हा तर खडाच आहे. खरं काय?
— एक वाचक, सातारा

मुलीचं खरं आहे. पोवळं खाणीतनं निघत नाही, समुद्राच्या तळाशी इवले इवले प्राणी वसाहत करून राहतात आणि चुन्याचा लाल सांगाडा बांधतात, तो कापून, घासून, पॉलिश करून आपल्या अंगठीत येतो. आपल्याकडचं नावाजलेलं लाल पोवळं पिढ्यानपिढ्या भूमध्य समुद्रातनं येतंय, इटलीत नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको नावाचं अख्खं गाव या कारागिरीवर वाढलंय.

ते वाढतं किती हळू ते ऐका. बुंध्याची जाडी वर्षाला साधारण पाव मिलिमीटर. भूमध्य समुद्रात आता ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यातलं पोवळं काढायला बंदी आहे आणि बुंधा किमान ७ मिलिमीटर असल्याशिवाय तोडायचा नाही असा नियम आहे. म्हणजे नियमात बसणारी बारीकशी फांदीसुद्धा पंचवीस-तीस वर्षांची असते, आणि अंगठीत बसेल एवढा भरीव तुकडा त्याहून बराच म्हातारा. पूर्वी लाकडाच्या जड फुलीला जाळी बांधून ती तळावरनं ओढत न्यायचे, त्यात पोवळ्याबरोबर तळाचं सगळंच मोडायचं, ती पद्धत युरोपने १९९४ मध्ये बंद केली. आणि आता ओरबाडणं कमी झालं तरी पाणी तापतंय, १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यात तिथे उथळ पाण्यातली पोवळी मोठ्या प्रमाणात मेली.

श्रद्धेवर मी काही बोलणार नाही, तो तुमच्या घरचा विषय आहे. पण अंगठी करायचीच असेल तर आधी आजीच्या, सासूबाईंच्या डब्यात बघा. आपल्याकडे जुन्या माळांमधनं, मंगळसूत्रातनं पोवळी असायचीच, त्यातलं एखादं काढून सराफाकडनं नव्याने बसवून घ्या, नवीन फांदी तोडली जायला नको. नवीन घ्यायला गेलात तर दुसराही धोका आहे, खोल समुद्रातलं बांबू कोरल म्हणून असतं ते लाल रंगवून पोवळं म्हणून सर्रास विकतात. म्हणजे पैसेही जातात आणि समुद्रातला जीवही जातोच. कापसावर ॲसिटोन घेऊन मागच्या बाजूला घासून बघा, रंग कापसावर उतरला तर समजून जा.

आणि घरी आहे ते पोवळं, मोती लिंबाने किंवा व्हिनेगरने कधी साफ करू नका, परफ्युमही लांब ठेवा. दोन्ही चुन्याचीच, आम्ल लागलं की चकाकी कायमची जाते. समुद्रात आज हेच चाललंय. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतोय आणि समुद्राचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) औद्योगिक क्रांतीच्या आधी साधारण ८.२ होता तो आता ८.१ च्या आसपास आलाय. आकडा लहान वाटेल पण त्या मोजमापात एवढा फरक म्हणजे आम्लता पाव पटीहून जास्त वाढली, आणि शिंपल्यांच्या, प्रवाळांच्या पिल्लांना कवच बांधणं जड जायला लागलंय.

एका जत्रेत 'इंद्रजाल' बसवलेलं लॉकेट घेतलं. काळं, जाळीदार, झाडाच्या फांदीसारखं आहे. समुद्री वनस्पती आहे असं सांगितलं होतं. घालू का?
— एक वाचक, सोलापूर

नका घालू, आणि कुणाला देऊही नका. ती वनस्पती नाही. इंद्रजाल म्हणून विकतात ते बहुतेक वेळा काळं प्रवाळ किंवा सी फॅन असतं, दोन्ही प्राणी, आणि दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, नुसतं जवळ बाळगणंही अडचणीत आणू शकतं. रेझिनमध्ये बसवलेला समुद्री घोडा असतो ना, त्याचंही तेच. तुम्हाला माहीत नव्हतं, तुमची फसवणूक झालीय, तेव्हा घाबरू नका पण जवळच्या वनविभागाच्या ऑफिसात जाऊन सांगा किंवा १९२६ ला फोन करा. दुकान आठवत असेल तर तेही सांगा, कारण तिथे अजून दहा लॉकेटं टांगलेली असणार.

आमच्याकडे तुळजाभवानीच्या कवड्यांची माळ आहे, आराधी लोकांसारखी. मला त्याच धर्तीवर कवड्यांचे नेकलेस करून विकायचेत, थीम समुद्राचीच. कवडी तर मेलेली असते ना, मग काय हरकत?
— एक वाचक, धाराशिव

देवीची माळ पिढीजात आहे, ती आहे तशीच राहू दे, तिला कुणी हात लावू नये. प्रश्न नवीन कवड्यांचा आहे.

कवडीकडे जरा नीट बघा. जिवंतपणी तो प्राणी आपल्या मऊ अंगाचा पदर कवडीवर दोन्ही बाजूंनी पांघरून असतो, म्हणून तिला ती काचेसारखी चकाकी येते. प्राणी मेला, कवडी लाटांबरोबर वाळूत घासली गेली, उन्हात पडली की ती मळकट, पांढुरकी होते, कड्यांना झिजते, कधी भोकं पडतात. किनाऱ्यावर वेचलेली कवडी अशीच दिसते. आणि दुकानात मापाने मिळते ती एकसारखी चकचकीत, ओरखडा नसलेली. ती बहुतेक वेळा जिवंत असतानाच उचललेली असते. तुमचा नेकलेस समुद्राचं दुःख सांगणार आणि त्यासाठी पन्नास जीव मारलेले, हे मला तरी बघवणार नाही.

मोठे शंख-शिंपले घ्यायचा मोह होतो तिथे तर जास्तच सांभाळा. हेल्मेट शेल, ट्रायटन, जायंट क्लॅम हे सगळे आपल्या कायद्याने संरक्षित आहेत. ट्रायटन हा काटेरी मुकुटवाला तारामासा खातो, आणि तो तारामासा प्रवाळ खातो, तेव्हा शोभेसाठी ट्रायटन उचलले की मार बसतो प्रवाळाला.

मी तुमच्या जागी असते तर कवडीचा आकार घेतला असता, टेराकोटात किंवा पितळेत. आणि खरी कवडी वापरायचीच तर ती झिजलेली, वाळूतनं वेचलेली एकच मधोमध. ती झीज लपवू नका, पॉलिशही करू नका.

मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात फिरायला गेलो होतो, तिथे माशाच्या परांचे कानातले मिळत होते. लायनफिश म्हणाले. दुकानदारीण म्हणाली हे घ्याल तर समुद्राचं भलं होईल. तुम्ही तर समुद्रातलं काही घेऊ नका म्हणता, म्हणून नुसता फोटो काढून परत आले.
— एक मराठी वाचक, फ्लोरिडा

घेतलं असतं तरी चाललं असतं, खरंच! लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. तुमच्या फ्लोरिडाच्या पाण्यात तो १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसला, बहुधा कुणीतरी ॲक्वेरियममधला सोडला असावा, आणि तिथनं पसरत २००८ मध्ये बेलीझला पोचला. तिकडच्या समुद्रात त्याला खाणारं फारसं कुणी नाही, मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी सोडते, आणि प्रवाळातल्या बारक्या माशांचा तो फडशा पाडतो. मग तो पकडून खायचा अशी मोहीम निघाली. पण मासा लहान, वर विषारी काटे, कोळ्यांना परवडेना. तेव्हा तिथल्या किनाऱ्यावरच्या बायकांनी टाकून दिले जाणारे पर आणि शेपट्या घेऊन दागिने करायला सुरुवात केली, म्हणजे त्याच माशाचे थोडे जास्त पैसे सुटतात. काटे १८ असतात, पाठीवर, पोटाखाली, शेपटीजवळ, विष त्यांच्यात असतं. बाजूचे ते मोठे पंख्यासारखे पट्ट्यापट्ट्यांचे पर बिनविषारी, ते पसरून वाळवले की त्यांची नक्षी इतकी देखणी दिसते की वर काही करावंच लागत नाही.

पण इकडच्या वाचकांनी हे वाचून मालवणात किंवा अंदमानात लायनफिश शोधू नये. आपल्या समुद्रात तो घरचाच आहे, त्याला खाणारे आहेत, त्याची जागा ठरलेली आहे. बेलीझमध्ये जो दागिना समुद्राच्या कामाचा तोच इथे केला तर नुकसान करणारा.

आम्ही बचत गटाच्या सातजणी आहोत. किनाऱ्यावर जाळ्यांचे तुकडे, दोर खूप येतात. मागच्या अंकासारख्या बांगड्या करायच्यात. पण वास जात नाही, आणि केलेल्या दोन बांगड्यांचं पितळ हिरवं पडलं. सविस्तर सांगा.
— एक बचत गट, दापोली तालुका

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, त्यामुळे खरंच सविस्तर सांगते.

जाळं उचलल्या उचलल्या घरी आणू नका, तिथेच किनाऱ्यावर झटका. आत बारके खेकडे असतात, कधी अडकलेलं काहीतरी जिवंत असतं, ते पाण्यात सोडा. घरी आणलं की गोड्या पाण्यात भिजत घाला, रोज पाणी बदला, पाच-सहा दिवस तरी. वास आणि पितळ हिरवं पडणं दोन्हीचं मूळ एकच, आत राहिलेलं मीठ आणि दोरांच्या पिळात अडकून कुजलेला चिखल. नुसतं वरनं धुऊन ते निघत नाही, पीळ उलटा फिरवून दोर सैल करा आणि मग भिजवा. चिकटलेले बारके शिंपले लाकडी चमच्याने खरवडा. शेवटी रिठ्याच्या पाण्यातनं काढून सावलीत वाळवा. कळायचं कसं? वाळलेल्या दोराला जीभ लावायला नको, तो एका पितळेच्या तारेला गुंडाळून ओल्या फडक्यात चार दिवस ठेवा, तार हिरवी पडली तर अजून धुवायला हवं.

मग तुकडे वेगळे करा, त्यासाठी बादलीभर पाणी पुरतं. तरंगलं ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन, ट्रॉलरच्या जाळ्यांचे हिरवे-निळे-केशरी दोर बहुतेक यातले. बुडालं ते नायलॉन किंवा दुसरं काही. दोराची टोकं लायटरने वितळवायची सवय असते सगळ्यांना, ती तरंगणाऱ्या दोरांना उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून केलीत तर चालेल, पण बुडणाऱ्या अनोळखी प्लास्टिकला आग लावू नका, त्यात पीव्हीसी असेल तर धूर फार वाईट. त्यापेक्षा टोकं पितळेच्या कॅपमध्ये बसवा, दिसायलाही छान. आणि जो दोर बोटांनी चोळला की भुगा सोडतो तो घेऊच नका. उन्हाने तो संपलेला आहे, बांगडीतनं तो भुगा घालणारीच्या हातावर आणि तिथनं परत गटारातनं समुद्रात जाणार. भोक पाडायचं, घासायचं काम ओल्या ताटावर करा आणि तो चुरा फडक्याने पुसून कोरड्या कचऱ्यात टाका, मोरीत ओतू नका.

गाठी शक्यतो सोडवू नका. जाळ्याची प्रत्येक गाठ सारख्या ताणाने मारलेली असते, तिचा तो छोटा चौकोनी पेड हाताला टणक लागतो, आणि कुठेतरी कुणीतरी नंतर दुरुस्त केलेली एखादी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठही सापडते. बांगडीच्या दर्शनी भागात तीच ठेवा.

अजून एक मनापासून सांगायचंय. तुमच्या माहितीपत्रकात कोळ्यांना खलनायक करू नका. जाळं महाग असतं, ते हरवलं तर पहिला फटका त्यालाच बसतो. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात योजना आहे, जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असे संरक्षित जीव अडकले आणि कोळ्याने जाळं कापून त्यांना सोडलं तर फोटो-व्हिडिओच्या पुराव्यावर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अशी कापलेली जाळी तुमच्या बंदरावर नक्की पडून असतील. जाऊन विचारा, मागून घ्या, कुठला जीव सुटला तेही विचारा. किनाऱ्यावरच्या अनोळखी तुकड्यापेक्षा त्या जाळ्याची बांगडी मी आधी विकत घेईन.

केरळच्या किनाऱ्यावर मुलांनी पांढरे, मसुराएवढे प्लास्टिकचे दाणे बाटलीभर गोळा केले. मोत्यांसारखे दिसतात. ब्रेसलेट करून देऊ का?
— एक आई, ठाणे

अंगावर घालायचं काही करू नका. हे नर्डल, प्लास्टिकच्या सगळ्या वस्तू ज्यापासून बनतात तो कच्चा माल. जहाज बुडालं की कंटेनर फुटून असे दाणे किनाऱ्याला लागतात, २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाजाला आग लागली तेव्हा दीड हजार टनांहून जास्त सांडले, आणि मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं त्यानंतर केरळात आले. पाण्यातली विषारी रसायनं त्यांच्यावर चिकटून बसतात, आणि मासे, पक्षी त्यांना माशाची अंडी समजून खातात. हात धुवायला लावा. मुलांना काही करायचंच असेल तर छोट्या काचेच्या बाटलीत दाणे भरून बूच पक्कं चिकटवा, बाहेरनं चिठ्ठी लावा, कुठे आणि कधी सापडले याची. ती बाटली शाळेत दाखवू दे.

जाळ्याच्या कानातल्यांची किंमत ३५० सांगितली की लोक म्हणतात कचऱ्याचे एवढे? आणि एकजण म्हणाली 'एका कानातल्यामागे एक किलो प्लास्टिक समुद्रातनं काढलं' असं लिही, खपतात. लिहू का?
— एक कारागीर, अलिबाग

काढलं असेल तर लिहा, नसेल तर एक ग्रॅमही वाढवू नका. बाजारात 'ओशन-बाउंड' म्हणून जे खपतं त्यातलं बरंच प्लास्टिक समुद्रातलं नसतंच, किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत जमिनीवर गोळा केलेलं असतं. तेही काम चांगलंच आहे, पण ते आहे तसं सांगायला हवं.

किंमत कमी करू नका. माल फुकट असेल पण वेचणं, सहा दिवस धुणं, निवडणं, पेड जुळवणं, हुक बसवणं यात तुमचे तास गेलेत, आणि लोकांना ते दिसत नाहीत कारण आपणच दाखवत नाही. स्टॉलवर न धुतलेला जाळ्याचा एक गुंता ठेवा, त्याच्या बाजूला धुतलेला दोर आणि मग कानातले, निम्मी घासाघीस तिथेच थांबेल. घरचा वजनकाटा काढा, किनाऱ्यावरनं आणलेलं प्रत्येक गाठोडं तोला आणि वहीत तारीख, जागा, वजन लिहून ठेवा. दागिन्यात किती गेलं आणि उरलेलं कुठे दिलं हेही लिहा, कारण उरलेलं परत उकिरड्यावर गेलं तर आधीचा हिशोब खोटा ठरतो. कुणी विचारलं की वही पुढे करा.